गुलामाने वसवलेले शहर



दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी आणि १४ एप्रिलला जयंतीसाठी मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आपली माणसे औरंगाबादला येतात. (शहराचे सरकारी नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. या लेखात जुन्या काळाविषयी बोलताना जुनी नावे येतील, वाचकांनी गोंधळून जाऊ नये.) विद्यापीठाच्या दरवाज्याला वंदन होते, नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाकडे बोट दाखवून बाप पोराला सांगतो की हे बाबासाहेबांनी उभे केले. वेळ असेल तर डोंगरावरची लेणी बघणे होते. संध्याकाळी भडकल दरवाज्याजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायचा, पोरांना फुगे-पिपाण्या घ्यायच्या, आणि परत गाडीत. पण ज्या भडकल दरवाज्याच्या सावलीत आपण उभे राहतो तो कोणी बांधला, हे विचारले तर शंभरातले नव्वद जण गप्प बसतात. फार तर कोणी म्हणतो, बांधला असेल कुणा बादशहाने.

तो बादशहाने बांधलेला नाही. तो एका गुलामाने बांधला. बाजारात जनावरासारखा विकला गेलेला, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेलेला हा हबशी गुलाम, नाव मलिक अंबर. आणि दरवाज्यातून आत गेल्यावर, आमखास मैदानाच्या बाजूला किलेअर्कच्या भागात जी जुनी जामा मशीद आहे, तीही त्याचीच. आज या मशिदीविषयी आणि तिच्या भोवतालच्या जुन्या शहराविषयी लिहायचे आहे. बौद्धांच्या साप्ताहिकात मशिदीचे काय काम, असे काही बंधू म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, मग काय ते म्हणावे.

मलिक अंबर इथिओपियात, म्हणजे त्या वेळच्या हबसाण देशात, १५४८ च्या सुमारास जन्मला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात, तिथून बगदादला, असा तो हातोहात विकला गेला. बगदादच्या एका धन्याने त्याला लिहा-वाचायला, हिशेब करायला शिकवले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. गुलामाला अत्तराचे नाव द्यायचे आणि किंमत ठरवून विकायचे, ही त्या काळची रीत. शेवटी तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. आता गंमत बघा, हा चंगेजखान स्वतःच हबशी आणि एके काळचा गुलाम!

पेशवा म्हटले की आपल्या माणसांना पुण्याचे पेशवे आठवतात, गळ्यातले मडके आणि कमरेचा खराटा आठवतो. पण त्याच्या दीडशे-दोनशे वर्षे आधी याच मराठी मुलखात पेशवेपदावर काळ्या रंगाचा, विकत आणलेला माणूस बसत होता. चंगेजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. मग त्याने तलवार धरली, माणसे जमवली. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले, तेव्हा हा माणूस उभा राहिला. निजामशाही घराण्यातल्या एकाला त्याने गादीवर बसवले, स्वतः कारभार हाती घेतला, आणि १६२६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात मरेपर्यंत अकबर आणि जहांगीर या दोघांच्याही फौजांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिले नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजी त्या लढाईत पडले. म्हणजे ही लढाई हिंदूविरुद्ध मुसलमान अशी सरळ रेघ ओढून सांगता येत नाही. मोगलही मुसलमान, अंबरही मुसलमान, आणि मराठे सरदार दोन्हीकडे.

जहांगीर बादशहाला तो पकडता आला नाही. तेव्हा त्याने काय केले? आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जे जमले नाही ते कागदावर. हे चित्र आजही परदेशातल्या संग्रहात आहे. आणि आपल्या आठवणींच्या ग्रंथात बादशहाने अंबरच्या नावाआधी त्याच्या काळ्या तोंडावरून शिव्या घातल्या आहेत. वाचकहो, माणसाचे काम मोठे दिसू लागले की त्याच्या कातडीवर आणि जन्मावर बोलायचे, ही खोड आपल्या ओळखीची आहे. पण अंबर मेल्यावर मोगलांच्याच दरबारातल्या इतिहासकाराला लिहावे लागले की हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

१६१० साली त्याने खडकी गावाजवळ राजधानीचे शहर वसवायला घेतले. खडकी म्हणजे नावाप्रमाणेच खडकाळ जागा. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला, आणि त्याच साली मशीद. मोगलांनी १६१६ मध्ये हे शहर लुटले, जाळले. अंबरने ते पुन्हा उभे केले. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याला फतेहनगर नाव दिले, आणि औरंगजेब सुभेदार म्हणून आल्यावर औरंगाबाद झाले. आज आपण ज्याला जुन्या शहराचा तट म्हणतो तो मात्र अंबरचा नाही. मराठ्यांच्या धाडी येऊ लागल्या म्हणून औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास तो बांधून घेतला. तट आता बराचसा पडला, त्याचे दगड कुठे कुठे लोकांच्या घरात गेले. राहिले ते दरवाजे. बावन्न दरवाजांचे शहर असे लोक म्हणतात, त्यांतले डझनभर उभे आहेत. मिलिंदकडून शहरात येताना लागतो तो बारापुल्ला, बीबीच्या मकबऱ्याकडून येताना मकाई, पाणचक्कीला लागून महेमूद दरवाजा. हे तिन्ही खाम नदीवर आहेत. नदी आता नाला झाली आहे, ते वेगळे दुःख.

मशिदीत गेल्यावर पहिल्यांदा मनात येते की ही किती साधी आहे. दिल्लीच्या जामा मशिदीसारखे उंच मिनार नाहीत, लाल दगडाचा थाट नाही. रुंद, बसकी, भक्कम इमारत. समोर टोकदार कमानींची ओळ आहे, नऊ कमानी. गॅझेटियरमध्ये नोंद आहे की त्यातल्या पाच मलिक अंबरच्या आणि चार नंतर औरंगजेबाने वाढवलेल्या. पोरांना न्याल तेव्हा त्यांना विचारा, कुठल्या पाच आणि कुठल्या चार? मोठ्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. आत पन्नास दगडी खांब, पाच रांगांत. मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा, त्याला मिहराब म्हणतात, मक्केची दिशा कळावी म्हणून. बाजूला मिंबर, तीन-चार पायऱ्यांचा, त्यावर उभे राहून इमाम शुक्रवारी भाषण करतो. बस, एवढेच. खांब, सावली आणि चटया. आवारात मदरसा आहे, बारकी पोरे पांढऱ्या टोप्या घालून धडा म्हणत असतात.

आणि अंगणात हौद.

या हौदापाशी थोडे थांबू या, कारण खरी गोष्ट इथे आहे. नमाजाआधी प्रत्येकाने हात, तोंड, नाक, कोपरापर्यंत बाहू आणि पाय धुवायचे असतात, डोक्यावरून ओला हात फिरवायचा असतो. याला वजू म्हणतात. म्हणून मशीद म्हटली की पाणी आलेच. आणि खडकीसारख्या खडकाळ गावात पाणी आणायचे कुठून? अंबरने उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा केले. भुयारासारखे चर खोदले, त्यांना इतकाच उतार दिला की पाणी आपल्या वजनाने शहराकडे यावे. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली, हवा जावी आणि गाळ काढता यावा म्हणून. शहरात आल्यावर खापरी नळांतून ते पाणी उंच बंब्यांत चढायचे आणि तिथून वाड्यांना, मशिदींना, वस्त्यांना वाटले जायचे. ना मोटार, ना वीज. याला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे इतरांनीही अशा नहरी काढल्या. पाणचक्कीचे दगडी जाते ज्या पाण्यावर फिरायचे तीही अशीच एक नहर. त्या जात्यावर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जायचे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना पहाटे उठून जाते ओढल्याचे आठवत असेल. पाण्याने आपोआप फिरणारे जाते बघून त्यांना काय वाटेल, त्यांनाच विचारा.

मशिदीचा हा हौद नहरीच्या पाण्याने भरायचा. त्यात हात बुडवायला जात विचारली जात नव्हती, असे इस्लामचा धर्म सांगतो. शेजारी उभा राहील तो सरदार असो की भिस्ती, रांग एकच. खांद्याला खांदा. विकत आणलेल्या गुलामाने पुढे मोठे व्हावे आणि त्याच रांगेत उभे राहावे, हे त्या धर्मात होऊ शकले ही गोष्ट खोटी नाही.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की गुलामगिरी वाईटच, पण गुलामाला शिकवता येत होते, त्याच्याकडून वैद्यकी, हिशेब, मुनिमकी करून घेता येत होती, धन्याला वाटले तर त्याला मोकळे करता येत होते. प्राचीन रोममधले किती तरी गुलाम विद्वान झाले. अस्पृश्याला यातले काहीच नव्हते. त्याला विकत घेतला नाही म्हणून तो स्वतंत्र म्हणायचा, आणि त्याचा हात लागला की पाणी बाटते. त्याला शिकवणे पाप. आणि मोकळे करायला धनीही नाही, कारण सगळा गावच धनी. मलिक अंबरचे आयुष्य समोर ठेवून हा विचार वाचला म्हणजे अंगावर काटा येतो. बगदादच्या धन्याने अंबरला अक्षर शिकवले. त्याच काळात आपल्या मराठी गावाच्या वेशीबाहेर जो महाराचा, मांगाचा पोर होता त्याला अक्षर कोणी शिकवले असते? अंबरने जमिनी मोजून, पीक बघून सारा ठरवण्याची पद्धत घातली, तिची इतिहासात वाहवा आहे. पण गावगाडा त्याने तसाच ठेवला. वेस तिथेच राहिली, महारवाडा वेशीबाहेरच राहिला. तो काही संत नव्हता. स्वतः गुलाम असून त्याने पुढे हबशी गुलामांची फौज बाळगली, आणि राजकारणात त्याचे हात स्वच्छ नव्हते. हे लपवून त्याला देव्हाऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. आपल्याला देव्हारे नकोतच.

आता दुसरा हौद. शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचे ठरले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला लहानसा हौद होता. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती, तेव्हा काहींनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. मंडळी दरवाज्याशी आली तोच मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. बघता बघता म्हातारे-तरुण सगळे जमले. शिवीगाळ सुरू झाली. यांना धडा शिकवला पाहिजे, अशी भाषा झाली. आम्ही परगावचे, आम्हाला इथली रीत ठाऊक नाही, असे मंडळी सांगत होती. तेव्हा तो राग गावातल्या गरीब अस्पृश्यांवर निघाला, तुम्ही यांना आधी का सांगितले नाही म्हणून. ती बिचारी माणसे हौदापाशी नव्हतीदेखील!

शेवटी बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारले की हेच का तुमचा धर्म शिकवतो, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही का? जमाव गप्प झाला. कोणाला उत्तर देता आले नाही. मग किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण अशी, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत. ज्या माणसाने सात वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते, त्याच्यावर पाण्यासाठी शिपायाचा पहारा! बाबासाहेबांनी ही हकिगत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहून ठेवली. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, हे जगाला कळावे म्हणून लिहिली.

म्हणजे एकाच परिसरात दोन हौद. एक मशिदीच्या अंगणातला, जिथे धर्म सांगतो की सर्व सारखे. दुसरा किल्ल्याच्या दारातला, जिथे त्याच धर्माच्या माणसांनी जातीची शिवी दिली. धर्म अरबस्तानातून आला, पण इथल्या मातीत पाय रोवताना त्याने जात उचलली. पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा दाखला दिला आहे. मुसलमानांत अशराफ, अजलाफ असे थर, आणि त्याखाली अरझल, ज्यांच्याशी कोणी संबंध ठेवत नाही आणि ज्यांना मशिदीत यायला मनाई. मशिदीत मनाई! शेजारच्या शेजारी विणकर मोमीन, खाटीक, पिंजारी, बागवान, मेहतर यांच्या सोयरिकी आजही आपापल्या बिरादरीत होतात, हे त्यांच्यातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. मंडल आयोगानंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात उभी केली, ती यातूनच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यात १९५६ ला शीख आले. आपल्याला, बौद्धांना, त्यासाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. मैला वाहणारा मुसलमान अजून त्याबाहेर आहे. त्याचे हाल आपण नाही समजणार तर कोण समजणार?

आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. बौद्ध धम्म या देशातून का गेला, याचा विचार करताना बाबासाहेबांनी मुसलमान आक्रमकांच्या तलवारीचा उल्लेख स्पष्टपणे केला आहे. नालंदा, विक्रमशिला यांची राख झाली, भिक्खू मारले गेले. मूर्तीला त्या भाषेत जो ‘बुत’ शब्द आहे तो बुद्ध या नावावरूनच आला, हेही त्यांनी दाखवले. काही तरुण पोरे हे एवढेच वाचतात आणि मोर्चात जाऊन मशिदीसमोर घोषणा देतात. त्यांनी पुढचे वाचलेले नसते. ब्राह्मणी धर्माने बौद्ध धम्माचा जो घात केला त्याविषयी बाबासाहेबांनी किती पाने लिहिली, ते त्यांना घोषणा लिहून देणारे सांगत नाहीत. इतिहासाचा राग कोणावर काढायचा हे दुसऱ्याने ठरवून दिले, की समजावे आपला वापर चालला आहे.

याची किंमत कोण मोजतो ते जुन्या शहराच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बाया नीट सांगतील. गडबड झाली, जमावबंदी लागली, की कारखान्यातल्या पक्क्या नोकरीवाल्याची रजा लागते. पण हातगाडीवर केळी विकणारा, बिगारीच्या नाक्यावर उभा राहणारा, चार घरी धुणेभांडी करणारी बाई, यांची चूल त्या दिवसापासून बंद. मुसलमान वस्तीतही तेच, रिक्षावाला, वेल्डर, भंगार गोळा करणारा. दोन्हीकडची पोरे पोलिसांच्या गाडीत चढतात, आणि जामीन मिळवायला दोन्हीकडच्या आयांचे मणी-डोरले मोडते. ज्यांच्या भाषणाने हे घडले त्यांच्या घरचा पोर त्या गाडीत कधी दिसला आहे?

म्हणून मशिदीकडे दोन्ही डोळ्यांनी बघावे असे मला वाटते. मिलिंदची स्थापना १९५० ची. बाबासाहेबांनी कॉलेजासाठी हे शहर निवडले तेव्हा मराठवाडा शिक्षणात अगदी मागे होता. शहराच्या तटाबाहेर, खाम नदीच्या पलीकडे, त्यांनी नागसेनवन उभे केले. नाव कोणाचे दिले? राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, परक्या वंशाचा आणि परक्या भाषेचा. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले आणि उत्तरे पटली तेव्हा मान्य केली. माणूस कुठून आला यापेक्षा तो काय विचारतो याला किंमत, असे ते नाव आहे. दौलताबादच्या दारात बाबासाहेबांनी जमावाला जो प्रश्न विचारला तो याच जातीचा होता. त्याला हत्यार लागले नाही.

डोंगरावरच्या लेण्यांकडे जाल तेव्हा आणखी एक लक्षात ठेवा. आपल्या भिक्खूंनी डोंगर कोरताना आधी पाण्याची सोय केली. कान्हेरीला, जुन्नरला खडकात कोरलेली टाकी आहेत, आणि शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. अमुक उपासकाने पोढी दान दिली, अमुक उपासिकेने दिली, असे दगडावर लिहिलेले आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. तोच सह्याद्रीचा काळा दगड, त्यातच दीड हजार वर्षांपूर्वी विहार कोरले आणि चारशे वर्षांपूर्वी अंबरने मशीद आणि नहर बांधली. पाणी देणाऱ्याची आठवण राहते. तळ्यावर पहारा बसवणाऱ्याचे नाव आज कोण घेतो?

आता जाण्याची माहिती, कारण पत्रे येतात की लेखात सगळे लिहिता पण जायचे कसे ते लिहीत नाही. भडकल दरवाज्याच्या पुतळ्यापासून मशीद चालत जाण्याजोगी आहे. आमखास मैदान विचारा, कोणीही दाखवील. शुक्रवारी दुपारी जाऊ नये, तेव्हा मोठी नमाज असते. इतर दिवशीही नमाजाची वेळ सोडून जावे. दारात चप्पल काढायची, आपण विहारात काढतो तशी. बायांनी डोक्यावरून पदर घ्यावा. बायकांना आत कुठपर्यंत जाता येते ते दारातल्या माणसाला आधी विचारावे. काही बहिणींना हे खटकेल, आणि खटकावेच. विहारात पहिल्या रांगेत बसून त्रिसरण म्हणणाऱ्या बाईला अंगणात थांबा म्हटले तर प्रश्न पडणारच. तो प्रश्न नम्रपणे विचारायलाही हरकत नाही. पण भांडण करायला म्हणून जाऊ नका. “चाचा, अंबर की मस्जिद देखने आये” एवढे म्हटले तरी बहुतेक ठिकाणी कोणी तरी पुढे होऊन हौद, खांब, जुनी कमान दाखवतो. मुलांनी पळापळ करू नये, फोटो काढण्याआधी विचारावे.

तिथून पुढे जुना बाजार, सिटी चौक, शहागंज असा फेरा होतो. जुन्या बाजारात अंबरचीच एक छोटी काळी मशीद आहे, उंच जोत्यावर, सहा खांबांची. चौकातली मशीद शाहिस्तेखानाची, १६६५ ची. हा तोच शाहिस्तेखान, ज्याची बोटे शिवाजीराजांनी लाल महालात छाटली. पोरांना हे सांगितले की त्यांचे पाय दुखायचे थांबतात.

वेळ हाती असेल तर मलिक अंबरची कबर चुकवू नका. ती खुलताबादला आहे, वेरूळच्या अलीकडे, आणि त्याची बायको बीबी करीमा हिचीही कबर जवळच आहे. औरंगजेबाची कबर त्याच गावात आहे, गर्दी, पोलीस आणि बातम्या सगळ्या तिकडे. अंबरकडे फारसे कोणी फिरकत नाही. वेरूळच्या सहलीची गाडी दौलताबादवरून आणि खुलताबादवरूनच जाते. किल्ल्याच्या दाराशी जरा वेळ थांबायचे आहे आणि पुढे खुलताबादला अंबरच्या कबरीकडे वळायचे आहे, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर तो गाडी सरळ लेण्यांच्या स्टँडवर नेऊन उभी करतो.